फ्रान्सिस क्रिक : लोखंडाच्या कणाने पेशी चाचपणारे शास्त्रज्ञ



सातवीला पेशीरचना शिकवताना मी फळ्यावर नेहमीची आकृती काढते. बाहेर पेशीपटल, मध्ये केंद्रक आणि उरलेली सगळी जागा म्हणजे पेशीद्रव्य. हे पेशीद्रव्य चिकट आणि तरल असतं, एवढं एक वाक्य सांगून मी कित्येक वर्षं पुढच्या मुद्द्याकडे वळत आले. गेल्या वर्षी एका मुलीनं मध्येच विचारलं, की चिकट म्हणजे नेमकं कशासारखं, काकवीसारखं की भिजवलेल्या कणकेसारखं? तिच्या घरचं गुऱ्हाळ आहे. तिला या दोन्हींतला फरक माझ्यापेक्षा जास्त कळतो. मला उत्तर आलं नाही. उद्या सांगते म्हणाले आणि पाठ उरकला.

प्रश्न वाटतो तेवढा साधा नाही बरं का. काकवी चमच्यानं ढकलली तर हळूहळू सरकते आणि जिथं सोडाल तिथंच राहते. मागं यायचं तिच्या मनातही नसतं. रबर ताणून सोडला तर तो होता तसा होतो. कणीक या दोघांच्या मधली. बोट दाबून काढलं की खळगा थोडा भरून येतो, पण पूर्ण नाही. वाहायला विरोध करण्याच्या गुणाला पुस्तकी भाषेत विष्यंदिता म्हणतात आणि मूळ आकारावर परत येण्याच्या गुणाला स्थितिस्थापकता. कणकेत दोन्ही असतात. अशा पदार्थाला शास्त्रज्ञ व्हिस्कोइलॅस्टिक म्हणतात. पण कणकेत बोट घालता येतं. जी पेशी नुसत्या डोळ्यांना दिसतसुद्धा नाही, तिच्या पोटात बोट कसं घालायचं?

हे उत्तर शोधता शोधता एक नाव समोर आलं आणि मी चकित झाले. फ्रान्सिस क्रिक. डीएनएच्या दुहेरी सर्पिल रचनेवाले क्रिक! त्यांचं हे आधीचं काम आपल्या पुस्तकांत येत नाही. म्हणून आजचा हा चरित्रपाठ.

फ्रान्सिस हॅरी कॉम्प्टन क्रिक यांचा जन्म 8 जून 1916 रोजी इंग्लंडमधल्या नॉर्दॅम्प्टन शहराजवळ वेस्टन फॅव्हेल इथं झाला. घरचा धंदा बुटांच्या कारखान्याचा. कारखाना आजोबांनी काढलेला. हे आजोबा, वॉल्टर क्रिक, हौशी निसर्ग अभ्यासक होते. पाण्यातल्या एका भुंग्याच्या पायाला इवलासा शिंपला चिकटलेला त्यांना दिसला आणि त्यांनी तो थेट चार्ल्स डार्विनला कळवला. गोड्या पाण्यातले शिंपले एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात कसे पोचतात, याचा तो पुरावा होता. डार्विननं 1882 मध्ये, मृत्यूच्या थोडं आधी, त्यावर एक टिपण नेचर या नियतकालिकात छापलं. नातवानं पुढं त्याच नियतकालिकात काय छापलं ते सगळ्या जगाला माहीत आहे.

फ्रान्सिस लहान असताना आईवडिलांनी त्याला मुलांचा ज्ञानकोश आणून दिला. तो वाचून पोराला काळजी लागली, की आपण मोठे होईपर्यंत सगळे शोध लागून संपले तर? आईनं समजूत घातली, की तुझ्यासाठी भरपूर शिल्लक राहील. एका काकांनी बागेच्या टोकाला असलेल्या शेडमध्ये त्याला काच फुंकायला आणि फोटो छापायला शिकवलं. पुढं हा मुलगा बाटलीत स्फोटक मिश्रण भरून ती विजेनं उडवायला लागला. पालकहो, इथं आपण काय केलं असतं? मी तर सगळं सामान उचलून कुलपात टाकलं असतं. क्रिक यांच्या आईवडिलांनी नियम केला, की बाटली उडवायची असेल तर ती पाण्यानं भरलेल्या बादलीत बुडवूनच उडवायची. प्रयोग चालू राहिला आणि पोरगंही शाबूत राहिलं.

चौदाव्या वर्षी शिष्यवृत्ती मिळवून ते लंडनच्या मिल हिल शाळेत गेले आणि तिथून युनिव्हर्सिटी कॉलेजात. 1937 मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, भौतिकशास्त्राची पदवी मिळाली. पहिला वर्ग नाही, दुसरा.

मग पीएच.डी.साठी प्राध्यापक अँड्रेड यांनी त्यांना विषय दिला तो पाण्याची विष्यंदिता मोजण्याचा, 100 ते 150 अंश सेल्सिअसच्या दरम्यान. पाणी 100 अंशांना उकळून वाफ होतं, म्हणून त्याला दाबाखाली ठेवायचं, आपल्या कुकरमध्ये असतं तसं. त्यासाठी क्रिक यांनी तांब्याचं एक गोल भांडं तयार केलं. भांड्यात पाणी भरायचं, ते हेलकावायचं आणि हेलकावे किती लवकर विरतात ते मोजायचं. याची गंमत घरी बघायची असेल तर एक कच्चं आणि एक उकडलेलं अंडं ताटात गरगर फिरवा. कच्चं लगेच मंदावतं, कारण आतला बलक आणि पांढरा भाग कवचाला मागं ओढतो. तापमानाचा परिणामही लहान नसतो. 20 अंशांच्या पाण्याची विष्यंदिता साधारण 1 मिलिपास्कल-सेकंद असते, 100 अंशांना ती 0.28 च्या आसपास येते, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. काम उपयोगाचं होतं, पण याहून कंटाळवाणा विषय शोधून सापडला नसता, असं क्रिक यांनी स्वतःच नंतर लिहून ठेवलं आहे.

1939 मध्ये दुसरं महायुद्ध सुरू झालं. प्रयोगशाळा बंद झाली आणि पुढं हवाई हल्ल्यात एक सुरुंग पडून ते तांब्याचं भांडं, ती सगळी जुळवाजुळव उद्ध्वस्त झाली. दोन वर्षांच्या कामाचा चुराडा. क्रिक तोवर इंग्लंडच्या नौदलात वैज्ञानिक म्हणून रुजू झाले होते. काम काय, तर सुरुंगच! समुद्रात टाकायचे चुंबकीय आणि ध्वनीवर चालणारे सुरुंग. लोखंडी जहाज जवळून गेलं की चुंबकीय क्षेत्र किंचित बदलतं आणि सुरुंगाला ते कळतं. शत्रूची सुरुंग काढणारी खास जहाजं होती, त्यांनाच नेमकं गाठणारी रचना बसवण्यात क्रिक यांचा हात होता. चुंबकत्वाची अशी तालीम झालेला माणूस पुढं पेशीकडं वळला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

युद्ध संपलं तेव्हा क्रिक तिशीला टेकलेले. पीएच.डी. नाही, नावावर सांगण्यासारखा शोध नाही. पहिलं लग्न 1947 मध्ये मोडलं, पदरी एक लहान मुलगा. इथं मी थोडी स्वतःची गोष्ट सांगते. डी.एड. झाल्यावर सात वर्षं मला शिक्षिकेची नोकरी नव्हती. त्यातली तीन मी आजऱ्यातच काजू सोलण्याच्या कामावर काढली. नातेवाईक भेटले की हिची वर्षं वाया चालली म्हणून हळहळायचे, आणि खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटायचं. म्हणून क्रिक यांच्या चरित्रातला हा तिशीचा भाग मी दोनदा वाचला.

त्यांनी केलं ते असं. नौदलातल्या मित्रांना आपण प्रतिजैविकांबद्दल मोठ्या उत्साहानं सांगत सुटलोय, हे एके दिवशी त्यांच्या लक्षात आलं. खरं तर त्या विषयातलं आपल्याला फारसं कळत नाही, नुसतं वाचलेलं आहे, हेही लक्षात आलं. मग त्यांनी ताडलं, की माणूस ज्याच्याबद्दल आपण होऊन गप्पा मारतो तीच त्याची खरी आवड. या गप्पांच्या कसोटीवर दोन विषय टिकले. एक, निर्जीव आणि सजीव यांच्यामधली सीमारेषा. दुसरा, मेंदू. पहिल्यापासून सुरुवात करायची ठरली. जीवशास्त्र जवळजवळ शून्यापासून शिकायचं होतं. आपल्याला फारसं काही येत नसल्यामुळं काहीही निवडायला आपण मोकळे आहोत, असा त्यांनी सोयीचा हिशेब केला.

1947 मध्ये मेडिकल रिसर्च कौन्सिलची विद्यार्थिवृत्ती घेऊन ते केंब्रिजच्या स्ट्रेंजवेज प्रयोगशाळेत दाखल झाले. एकतीस वर्षांचा विद्यार्थी! प्रयोगशाळेच्या प्रमुख होत्या ऑनर फेल. तिथं कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भाच्या पेशी काचेवर वाढवल्या जात. या पेशींना एक खोड असते. आजूबाजूला बारीक कण टाकले की त्या ते गिळून टाकतात. कण लोखंडाच्या जातीचे, चुंबकाला दाद देणारे असले तर? मग कण पेशीच्या आत आणि चुंबक बाहेर आपल्या हातात. पेशीला न फोडता आत बोट गेलं की!

कल्पना अगदीच नवी नव्हती. 1920 च्या दशकात जर्मनीत जिलेटिनमध्ये निकेलचा कण ठेवून तो चुंबकानं ओढून बघितला गेला होता. पण जिवंत प्राणिपेशीत, नीट मोजमाप करून, गणितासकट हे करायचं काम क्रिक आणि त्यांचे सहकारी आर्थर ह्यूजेस यांनी घेतलं.

कणाला वागवायचे तीन प्रकार त्यांनी केले. पिळणं, ओढणं आणि ढोसणं. यातला पिळण्याचा प्रकार मुलांना समजवायला सगळ्यात सोपा. आधी जोरदार चुंबकीय क्षेत्र देऊन कणाला चुंबक बनवायचं. मग वेगळ्या दिशेनं हलकं क्षेत्र लावायचं. होकायंत्राची सुई वळते तसा कण त्या दिशेला वळू बघतो. किती वळला आणि किती वेळात, हे सूक्ष्मदर्शकातून बघायचं. नंतर क्षेत्र बंद करायचं आणि खरी परीक्षा इथंच आहे. कण पाण्यासारख्या किंवा काकवीसारख्या द्रवात असेल तर वळलेला तसाच राहील. रबरासारख्या पदार्थात असेल तर पूर्ण मागं फिरेल.

पेशीतला कण आधी पटकन थोडा वळला, मग हळूहळू सरकत राहिला, आणि क्षेत्र बंद केल्यावर मागं आला, पण काही अंशीच. म्हणजे ना काकवी, ना रबर. माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचं उत्तर 1950 सालीच छापून झालं होतं. एक्सपेरिमेंटल सेल रिसर्च या नियतकालिकाच्या पहिल्याच खंडात दोन भाग आले. पहिला प्रयोगांचा, क्रिक आणि ह्यूजेस या दोघांच्या नावानं. दुसरा गणिताचा, एकट्या क्रिक यांचा.

त्या निबंधात पेशीद्रव्यासाठी त्यांनी एक उपमा दिली आहे. आईचा शिवणकामाचा डबा. मणी, नाना आकारांची बटणं, टाचण्या, दोरे, सगळं एकात एक गुंतून एकमेकांना ढकलत बसलेलं. आपल्या घरी जुन्या बिस्किटाच्या डब्यात असतं अगदी तसं. त्या डब्यात बोट घाला. सहज जातं का? जातं, पण अडखळत. दोरे ताणले जातात आणि थोडे परतही येतात. पेशीत प्रथिनांच्या धाग्यांचं जाळं असतं हे आज पाठ्यपुस्तकांत आहे. त्या काळी ते जाळं कुणी नीट पाहिलेलं नव्हतं. एका कणाच्या अडखळण्यावरून क्रिक यांनी गुंता ओळखला, आणि तरीही तो अंदाज म्हणूनच मांडला, खात्री म्हणून नाही.

हे वाचून आम्ही वर्गात एक खटपट केली. जुलै महिना, आजऱ्याचा पाऊस, मैदान बंद, त्यामुळं वेळच वेळ होता. तीन वाट्या घेतल्या. एकीत त्या मुलीच्या घरची काकवी, दुसरीत घनसाळ तांदळाची दाट पेज, तिसरीत अगदी पातळ लावलेलं चायना ग्रास. टाचणीचे बारीक तुकडे कापून (हे काम मी केलं, मुलांना देऊ नका) चुंबकावर घासून घेतले आणि एकेक वाटीत सोडला. चायना ग्रासमध्ये तो बसायच्या आधी घालावा लागतो. मग जुन्या स्पीकरचा चुंबक वाटीच्या कडेनं फिरवायचा. काकवीत तुकडा सावकाश वळला आणि चुंबक काढला तरी तसाच राहिला. चायना ग्रासमध्ये जरासा वळला आणि चुंबक दूर नेताच मागं आला. पेजेचं मात्र काही धड झालं नाही. तुकडा शितांत अडकायचा, कधी सुटायचा. माझा प्रयोग फसला असं मला वाटलं, पण मुलांनी ठरवलं की पेशी असेल तर पेजेसारखीच असणार, कारण तिच्यातही शितं आणि पाणी दोन्ही आहे. गुऱ्हाळवाल्या मुलीला ते पटलं नाही. तिच्या मते पेशी म्हणजे काहिलीतून वाफ्यात ओतलेला आणि अजून न बसलेला गूळ. वाद त्या दिवशी मिटला नाही.

स्ट्रेंजवेजमधलीच आणखी एक गोष्ट. तिथं आलेल्या संशोधकांपुढं क्रिक यांना सजीवांच्या रेणूंमधल्या महत्त्वाच्या प्रश्नांवर बोलायला सांगितलं होतं. श्रोते पेन सरसावून बसले. क्रिक जनुकं कशी असतील यावर मोठमोठे तर्क सांगत होते, तसतशी पेनं खाली गेली. एकदाच ती सगळी भराभर चालली. क्ष-किरण सोडले की डीएनएच्या द्रावणाची विष्यंदिता एकदम घसरते, ही एक मोजलेली माहिती त्यांनी दिली तेव्हा. पाण्याची विष्यंदिता मागं टाकून आलेल्या माणसाच्या भाषणात लोकांनी टिपून घेतली ती विष्यंदिताच!

पेशीद्रव्यावर जन्म काढायचा त्यांचा विचार नव्हता. ती दोन वर्षं त्यांनी जीवशास्त्र शिकायला वापरली आणि 1949 मध्ये ते कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत मॅक्स पेरुत्झ यांच्या गटात गेले. त्याच वर्षी ओडील स्पीड या चित्रकार स्त्रीशी त्यांचं लग्न झालं. कॅव्हेंडिशमध्ये क्रिक यांचा मोठ्यानं हसण्याचा आणि दुसऱ्यांच्या चुका तोंडावर सांगण्याचा स्वभाव प्रमुख लॉरेन्स ब्रॅग यांना चांगलाच डाचत असे. 1951 मध्ये अमेरिकेहून जेम्स वॉटसन आला. वय तेवीस, पीएच.डी. पदरात. क्रिक पस्तीस, पीएच.डी. अजून नाहीच.

पुढचा भाग आपल्याला ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. 28 फेब्रुवारी 1953 ला डीएनएच्या दुहेरी सर्पिलाचं कोडं सुटलं आणि 25 एप्रिलला नेचरमध्ये निबंध आला. त्यातलं सर्पिलाचं चित्र ओडील यांनी काढलेलं. मात्र वर्गात हे सांगताना रोझालिंड फ्रँकलिन यांचं नाव गाळू नका. डीएनएची क्ष-किरण छायाचित्रं आणि मोजमापं त्यांच्या कामातली होती. ती त्यांना न सांगता वॉटसन आणि क्रिक यांच्यापर्यंत पोचली होती. फ्रँकलिन 1958 मध्ये सदतिसाव्या वर्षी गेल्या. 1962 चं नोबेल क्रिक, वॉटसन आणि मॉरिस विल्किन्स या तिघांना मिळालं. क्रिक यांचा मोठेपणा मान्य करूनही हे मला टोचतं, आणि मुलांना ते टोचावं असंच मी सांगते.

क्रिक यांना पीएच.डी. मिळाली 1954 मध्ये, अडतिसाव्या वर्षी, प्रथिनांवरच्या कामासाठी. 1961 मध्ये त्यांनी सिडनी ब्रेनर आणि इतर सहकाऱ्यांबरोबर दाखवलं, की जनुकांची भाषा तीन-तीन अक्षरांच्या शब्दांची आहे. ते शब्द एकेक करून उलगडणाऱ्यांत आपले हरगोविंद खुराणाही होते, त्यांना 1968 चं नोबेल मिळालं.

आणि तो लोखंडाचा कण? त्याचंही काम थांबलं नाही. आज या पद्धतीला मायक्रोरिऑलॉजी म्हणतात. कण चुंबकानं किंवा प्रकाशाच्या चिमट्यानं धरून पुढं-मागं हलवत ठेवतात आणि तो आपल्या ढकलण्याच्या किती मागं राहतो ते बघतात. स्प्रिंगसारख्या पदार्थात कण ढकलण्याबरोबरच हलतो. निव्वळ द्रवात तो बरोबर पाव फेरा मागं राहतो. कणकेसारख्या पदार्थात मागं पडणं या दोन्हींच्या मध्ये कुठंतरी असतं, आणि त्या मागं पडण्यावरून पदार्थात द्रवपणा किती आणि स्प्रिंगपणा किती याचा हिशेब निघतो. फुप्फुसातला कफ किती दाट झालाय, कर्करोगाची पेशी निरोगी पेशीपेक्षा किती मऊ आहे, हे असं तपासलं जातं. थेंबभर नमुना पुरतो. प्रकाशाच्या चिमट्यासाठी आर्थर अ‍ॅश्किन यांना 2018 मध्ये नोबेल मिळालं, तेव्हा ते शहाण्णव वर्षांचे होते.

गप्पांच्या कसोटीतला दुसरा विषय, मेंदू, क्रिक यांनी साठीत हाती घेतला. 1970 च्या दशकात ते कॅलिफोर्नियातल्या सॉल्क संस्थेत गेले आणि तिथं पुन्हा नवशिक्यासारखे वाचायला बसले. ख्रिस्तोफ कॉख या तरुण सहकाऱ्याबरोबर त्यांनी जाणीव म्हणजे काय, या प्रश्नावर वर्षानुवर्षं काम केलं. आतड्याचा कर्करोग झाला तरी ते चालूच होतं. मेंदूत क्लॉस्ट्रम नावाचा एक पातळ पापुद्रा असतो, त्यावर दोघांनी निबंध लिहायला घेतला होता. 28 जुलै 2004 ला सॅन दिएगोत, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, क्रिक गेले. त्या दिवशीही ते त्याच निबंधातल्या दुरुस्त्या करत होते. निबंध पुढच्या वर्षी छापून आला.